पिल्लू, पेटी आणि रिकामं घर

कुत्र्याचं शेपूट कितीही वर्षं नळीत घालून ठेवलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपल्याकडे म्हणतात. म्हण माणसांना टोमणा मारण्यासाठी असली, तरी तिच्यात कुत्र्याबद्दलचं एक मत आहेच: जनावराला कशात तरी कोंडून त्याला काही शिकवता येत नाही.

आज मात्र पिल्लू घरी आणणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो नेमका याच्या उलट. पिल्लू यायच्या आधी क्रेट आणून ठेवा. क्रेट म्हणजे लोखंडी तारांची घडीची पेटी, किंवा जाळीचं दार असलेलं प्लास्टिकचं खोकं. पिल्लाला आत उभं राहता येईल, गोल फिरता येईल आणि पाय पसरून झोपता येईल एवढंच ते मोठं हवं. त्याहून मोठं घेतलं तर पिल्लू एका कोपऱ्यात झोपेल आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू करेल. आत मऊ अंथरूण घाला, खाऊ आतच द्या, आधी दार उघडं ठेवा, मग थोडा थोडा वेळ बंद करा. बाहेर काढलं की थेट शू करायच्या जागी न्या आणि केली की शाबासकी द्या. याला म्हणतात क्रेट ट्रेनिंग.

आणि हे सगळं का करायचं, तर सोबत एक वाक्य ठरलेलं असतं: कुत्रा हा मुळात गुहेत राहणारा प्राणी आहे, क्रेट ही त्याची गुहा.

मी सॉफ्टवेअरवाला. जुन्या कोडमध्ये अशी एखादी ओळ असते की ती तिथे का आहे हे कुणालाच सांगता येत नाही, पण काढायची हिंमतही कुणी करत नाही. ती ओळ कुणी आणि कधी लिहिली हे दाखवणारी एक कमांड आमच्याकडे असते. आमच्या घरात सध्या पिल्लू आणायचं घाटतंय. घरात दोनच माणसं, दोघंही नोकरीवाली. त्यामुळे गुहेच्या या ओळीवर ती कमांड चालवून बघणं मला भाग होतं. ही पेटी आली कुठून, आणि ती गुहा कधी झाली?

सामानाची पेटी

सुरुवात इंग्लंडमध्ये होते. जून १८५९ मध्ये न्यूकॅसल अपॉन टाइन इथे कुत्र्यांचं एक प्रदर्शन भरलं. पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींचीच कुत्री होती, एकूण ६० नोंदी होत्या आणि बक्षीस म्हणून बंदुका होत्या. आधुनिक डॉग शोची सुरुवात इथून धरतात. पुढच्या काही वर्षांत हे वेड इतकं पसरलं की नियम करायला १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला. अमेरिकेत १८७७ मध्ये न्यूयॉर्कचा वेस्टमिन्स्टर शो सुरू झाला, १८८४ मध्ये अमेरिकन केनेल क्लब आला. कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या स्प्रॅट कंपनीत काम केलेल्या चार्ल्स क्रफ्टनं १८९१ मध्ये स्वतःच्या नावाचा शो सुरू केला. तो आजही दरवर्षी भरतो.

हे सगळं शक्य झालं रेल्वेमुळे. एका गावचं कुत्रं दुसऱ्या गावच्या परीक्षकासमोर न्यायचं तर गाडी हवी. कुत्री टोपल्यांमधून आणि लाकडी खोक्यांमधून मालासारखी पाठवली जात, अनेकदा सोबत माणूसही नसे. प्रदर्शनात पोचल्यावर दिवसभर लाकडी बाकांवर, आपापल्या कप्प्यात बसायचं. आजच्या क्रेटचा पूर्वज हा असा आहे. मोटारी आल्यावर शोला जाणारी मंडळी पेटी मोटारीत ठेवू लागली आणि विमानं आल्यावर ती विमानाच्या पोटात गेली.

या पूर्ण काळात पेटीचा आणि शिकवण्याचा संबंध नव्हता. प्रवास संपला की कुत्रं पेटीबाहेर येई आणि आपल्या नेहमीच्या जागी जाई. ती जागा बहुतेक वेळा अंगणात, तबेल्यात किंवा परसात असे. श्रीमंतांच्या मांडीवरची छोटी कुत्री सोडली तर कुत्र्यानं घरात शू करण्याचा प्रश्न यायचाच नाही, कारण कुत्रं घरात नसायचंच.

आपल्याकडे तर ही गोष्ट वेगळी सांगायची गरजच नाही. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो, दत्ताच्या भोवती चार असतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा घराघरात सांगितली जाते. १८३२ मध्ये सरकारनं बेवारशी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा मुंबईत दंगल झाली आणि तिच्या अग्रभागी पारशी होते. म्हणजे माया होती, भांडायची तयारीही होती. पण कुत्रा राहायचा ओट्याखाली, गोठ्यात, गल्लीच्या तोंडाशी. तो एका माणसाचा असण्यापेक्षा एका जागेचा असायचा.

कुत्रा घरात आला, माणसं बाहेर गेली

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांच्या कडेला बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. घरोघरी भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे आले आणि कुत्री-मांजरं हळूहळू त्या गालिच्यांवर राहायला आली.

मांजरांचा प्रश्न पटकन सुटला. १९४७ मध्ये मिशिगनमधल्या एड लो या माणसानं ओल शोषून घेणारी चिकणमाती मांजरांच्या पेटीसाठी विकायला काढली. मांजर स्वतःहून मातीत जातं, वर माती ओढतं, काम झालं. कुत्र्यासाठी असं आयतं उत्तर नव्हतं.

होते ते जुने उपाय. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं आणि पिल्लाला त्यावर शू करायला लावायचं. चुकलं तर त्याच वर्तमानपत्राची सुरळी करून फटका द्यायचा, किंवा पिल्लाचं नाक त्याच्याच घाणीत दाबायचं. शिस्त म्हणजे जरब, हे त्या काळी गृहीत होतं. जर्मनीत कोनराट मोस्ट या पोलिसी आणि लष्करी कुत्र्यांच्या प्रशिक्षकाचं पुस्तक १९१० मध्ये आलं होतं. अमेरिकेत विल्यम कोलरचं पुस्तक १९६२ मध्ये आलं आणि प्रचंड खपलं. दोघांच्याही पद्धतीत हिसका आणि शिक्षा यांना मोठी जागा होती.

याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती, जिचा कुत्र्यांशी वरवर काही संबंध दिसत नाही. १९५० मध्ये अमेरिकेतल्या साधारण ३४ टक्के स्त्रिया घराबाहेरच्या कामाच्या बाजारात होत्या. २००० पर्यंत हा आकडा ६० टक्क्यांच्या घरात गेला. बाई नोकरीला जाऊ लागली ही चांगलीच गोष्ट. पण तोवर पिल्लाला दर दोन तासांनी दार उघडून देणारं माणूस म्हणजे बहुतेक घरांत तीच होती. तिच्या या कामाची नोंद कुठेच नव्हती, त्यामुळे ते काम कोण करत होतं हे ती घराबाहेर पडल्यावरच लक्षात आलं. घर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा रिकामं राहू लागलं आणि त्या रिकाम्या घरात एक पिल्लू होतं.

त्यात १९७८ च्या सुमाराला पार्वो नावाचा नवा विषाणू जगभर पसरला. पिल्लं पटापट मरू लागली. लसी निघाल्या, पण सगळे डोस होईपर्यंत पिल्लाला बाहेर नेऊ नका असा सल्ला रूढ झाला. म्हणजे ज्या आठवड्यांत सवयी लागतात, नेमके तेच आठवडे घरात काढायचे.

घरातल्या कामाला पेटीचं उत्तर शोधायची कल्पना त्या देशाला नवी नव्हती. वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी आपल्या धाकट्या मुलीसाठी काचेची पुढची बाजू असलेली, तापमान राखणारी एक पेटी बनवली होती. बाळाला फारसे कपडे नकोत, पांघरूण नको, आईचे कष्ट कमी. १९४५ मध्ये एका मोठ्या महिला मासिकात त्यावर लेख आला आणि गहजब झाला. त्या मुलीला वेड लागलं अशा अफवा पुढे अनेक दशकं फिरत राहिल्या. २००४ मध्ये तिनंच लेख लिहून त्या खोडून काढल्या. बाळाची पेटी काही चालली नाही. कुत्र्याची मात्र चालली, आणि त्यात एका गोष्टीचा मोठा हात होता.

पिंजऱ्याची गुहा कशी झाली

‘पिंजरा’ हा शब्द कुणालाच आवडत नाही. आमच्या आईला फोनवर क्रेटबद्दल सांगितलं तर ती म्हणाली, “जनावराला कोंडून काय शिकवणार रे तुम्ही? त्यापेक्षा आणूच नका.” अमेरिकेतल्या आयांनाही असंच वाटलं असणार. तिथे लांडगा मदतीला आला.

१९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात ठेवले होते आणि ते सारखे वर्चस्वासाठी भांडत होते. त्यातून ‘अल्फा’ ही कल्पना रुजली. १९७० मध्ये डेव्हिड मेक यांच्या लांडग्यांवरच्या पुस्तकानं ती घराघरात नेली. १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातल्या, जर्मन शेफर्ड वाढवणाऱ्या साधूंचं पुस्तक आलं. कुत्रा समजून घ्यायचा तर लांडग्याचा कळप समजून घ्या, असा त्याचा रोख होता. ते लाखोंनी वाचलं.

कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, हे एकदा मान्य झालं की पुढची पायरी सोपी होती. लांडगे गुहेत राहतात, म्हणून कुत्र्यालाही गुहा हवी. शोवाल्यांच्या मोटारीतली प्रवासाची पेटी आता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आली आणि तिला गुहा म्हणू लागले. पेटी तीच, नाव बदललं. मालकाच्या मनातली टोचणी गेली.

आता मूळ गोष्ट तपासू. लांडगे गुहेत राहतात का? लांडगीण पिल्लं घालायला बीळ किंवा घळ शोधते हे खरं. पिल्लं तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला बाहेर डोकावतात आणि आठ-दहा आठवड्यांची झाली की कळप त्यांना उघड्यावरच्या जागी हलवतो. मोठे लांडगे एरवी उघड्यावर, बर्फातसुद्धा झोपतात. थोडक्यात, गुहा हे लांडग्यांचं प्रसूतिगृह आहे, राहतं घर नव्हे. आणि त्या प्रसूतिगृहाला दार नसतं. गंमत अशी, की माणसाच्या घरी पिल्लू येतं ते साधारण आठ आठवड्यांचं असताना, म्हणजे लांडग्याची पिल्लं जेव्हा गुहा सोडायच्या बेतात असतात तेव्हा.

अल्फाची कथाही टिकली नाही. मेक यांनी १९८६ पासून कॅनडातल्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले. १९९९ मध्ये त्यांनी लिहिलं की निसर्गातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची मुलं. आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा, असं ते प्रकाशकाला सांगत राहिले. न्यू स्कीटच्या साधूंनीही पिल्लाला उताणं पाडून वर्चस्व दाखवायचा आपला सल्ला २००२ च्या आवृत्तीत मागे घेतला. अल्फा गेला, पण त्याच्याबरोबर आलेली गुहा मात्र राहिली.

कुत्र्यांचं म्हणाल तर त्यांना पाहायला कॅनडाला जायची गरज नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटानं भारतातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास केला आहे. व्यायला जागा निवडताना या कुत्र्या माणसांपासून लांबचा आडोसा शोधत नाहीत, उलट माणसांच्या वावराजवळची जागा पसंत करतात, असं त्यांना दिसलं. जिन्याखाली, पायरीच्या आडोशाला, टपरीमागे. गल्लीत वाढलेल्या कुणालाही हे पटेल. कुत्र्याला आडोसा आवडतो हे खरंच. पण त्या आडोशाच्या जवळ माणूसही हवा असतो.

मग ही पद्धत चालते कशी?

आता अडचणीचा भाग. गुहेची कथा कच्ची असली तरी क्रेट ट्रेनिंग चालतं. नीट केलं तर पिल्लं काही आठवड्यांत शिकतात. कारण चुकीचं आणि उत्तर बरोबर, असा प्रकार कोडमध्येही होतो. अशा वेळी खरं कारण शोधावं लागतं, नाहीतर पुढे कधीतरी ते अंगाशी येतं.

खरं कारण अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत सापडतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तिथे पाच जातींची पिल्लं जन्मापासून वर्षानुवर्षं निरखली. त्यांचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. जन्मलेल्या पिल्लाला स्वतःहून शू-शीसुद्धा करता येत नाही. आई चाटते तेव्हा ती होते आणि आईच ती साफ करते, त्यामुळे अंथरूण कोरडं राहतं. तीन आठवड्यांच्या सुमाराला पिल्लं शू-शीसाठी झोपायच्या जागेपासून दूर जाऊ लागतात. साडेआठ आठवड्यांच्या सुमाराला त्यांच्या जागा ठरू लागतात.

म्हणजे पिल्लू घरी येतं तेव्हा दोन गोष्टी शिकूनच येतं: झोपतो तिथे घाण करायची नाही, आणि एक ठरावीक जागा शोधायची. क्रेट यातल्या पहिल्या गोष्टीचा फायदा घेतो. जागा लहान, सगळी अंथरुणाचीच, म्हणून पिल्लू थोडा वेळ धरून ठेवतं. बाहेर काढल्यावर त्याला शू येणार हे जवळजवळ नक्की असतं. मग तुम्ही त्याला योग्य जागी नेता, ते शू करतं, तुम्ही खाऊ देता. इयान डनबार या पशुवैद्यानं १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात पिल्लांचे वर्ग सुरू केले आणि हाच मुद्दा लावून धरला: बंद ठेवायचं ते शू कधी येणार याचा अंदाज बांधता यावा म्हणून, आणि खरं शिक्षण दार उघडल्यावर, शाबासकीतून होतं. मारणं, नाक घासणं यातलं काही लागत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी या पद्धतीचे आभार मानले पाहिजेत. वर्तमानपत्राची सुरळी तिनं मोडीत काढली.

हे तंत्र आपल्या आज्यांना सांगितलं तर त्या हसतील. बाळ झोपून उठलं, दूध प्यायलं, की त्याला उचलून मोरीवर धरायचं आणि तोंडानं ‘शूऽऽ’ करायचं. वेळ ओळखायची, जागा ठरवायची, खूण करायची, झालं की लाड करायचे. पेटी सोडली तर यात आणि क्रेट ट्रेनिंगमध्ये काही फरक नाही. पेटीच्या जागी तिथे आजी होती, जी दिवसभर घरात असायची.

खरं कारण कळलं की ही पद्धत कुठे मोडते हेही कळतं. पैशांसाठी घाऊक पैदास करणाऱ्यांकडे पिल्लं जन्मापासून पिंजऱ्यातच असतात. झोपायच्या जागीच घाण करण्यावाचून त्यांना पर्याय नसतो. अशा पिल्लाची ती पहिली शिकवण पुसली गेलेली असते आणि त्याच्यावर क्रेट चालत नाही. तसंच आठ आठवड्यांच्या पिल्लाला आठ तास कोंडलं तर तेही हरतं आणि अंथरुणातच करतं. दोन-चार दिवस असं झालं की घरी आणलेल्या चांगल्या पिल्लाची तीच गत होते. ढोबळ हिशोब असा सांगतात: पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तितके तास. दोन महिन्यांचं पिल्लू, तीन तास. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला एका वेळी तीन-चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं अमेरिकेतल्या प्राणिकल्याण संस्थाही सांगतात.

कायदा काय म्हणतो

हाच प्रश्न स्वीडनपुढेही होता. तिथेही घरं दिवसा रिकामी, तिथेही थंडी. त्यांनी उत्तर वेगळं काढलं. प्रवास, स्पर्धा असे काही प्रसंग सोडले तर कुत्र्याला घरात क्रेटमध्ये बंद ठेवता येत नाही. मोठ्या कुत्र्याला निदान दर सहा तासांनी बाहेर न्यायचं, पिल्लाला त्याहून लवकर. फिनलंडच्या नियमांचा सूरही असाच आहे. तिथली कुत्री घरात घाण करत नाहीत, म्हणजे पेटीचं दार बंद न करताही हे जमतं. मात्र त्यासाठी कुत्र्यांची पाळणाघरं लागतात, शेजारी लागतात, कामाच्या वेळा तशा लागतात. पेटीऐवजी तिथे माणसं आहेत.

आपल्याकडे काहीच नियम नसेल असं मला वाटत होतं. तसं नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून विषय लावून धरला आणि पुढे १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात किंवा पेटीत ठेवणं हा गुन्हा आहे. पुढे खास कुत्र्यासाठी एक पोटकलम आहे: नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तोही मालकाचा गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये असा लिहिला गेला. दंडाची रक्कम हसण्यासारखी आहे, पण कलम लिहिणाऱ्यांची नजर अचूक होती. त्यांनी पेटीची लांबी-रुंदी तर पाहिलीच, शिवाय कुत्रा दिवसभरात तिच्याबाहेर किती येतो हेही पाहिलं.

दीडशे वर्षांच्या या प्रवासात पेटी फारशी बदललेली नाही. तिच्या भोवतीचं घर बदललं. रेल्वेच्या डब्यात ती प्रवासापुरती होती. अमेरिकेतल्या रिकाम्या घरात तिला दिवस भरून काढायचं काम मिळालं. आता तीच पेटी घडी घालून, खोक्यात बंद होऊन पुण्यातल्या, बंगळुरूतल्या सातव्या मजल्यावर पोचते आहे, जिथे ओटा नाही, परस नाही, आजी गावाला आहे आणि ऑफिसची बस पावणेआठला आहे.

अशा घरात क्रेट वाईट की चांगला, हा वाद घालण्यात अर्थ नाही. उघड्या दाराची, आत जुनी चादर घातलेली पेटी पिल्लाला आवडते. आजारपणात, प्रवासात, दिवाळीच्या फटाक्यांत तिची सवय उपयोगी पडते. प्रश्न फक्त वजाबाकीचा आहे. आम्ही दोघं मिळून घराबाहेर असतो साडेनऊ तास. दोन महिन्यांच्या पिल्लाचे तीन तास त्यातून गेले, तर उरतात साडेसहा. त्या साडेसहा तासांत किमान दोनदा येऊन दार उघडणारं माणूस कोण, हे कागदावर लिहिता आलं, तर पिल्लू आणायचं. आमच्या कागदावर सध्या आठवड्यातल्या तीन दिवसांपुढे घरून काम असं लिहिलंय आणि उरलेल्या दोन दिवसांपुढे जागा मोकळी आहे. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त काकांना विचारायचं ठरलंय. ते हो म्हणेपर्यंत पेटीची ऑर्डर थांबवली आहे.